हृदयाच्या नावाची बाटली, धुळ्याचा लाल कांदा आणि कोरा चहा: फ्लेवोनॉइड कशातून घ्यावेत?

जळगाव, धुळे, नंदुरबार, शहादा, कुठल्याही बऱ्यापैकी मेडिकलच्या काउंटरवर हल्ली एक बाटली दिसतेच. वर लाल हृदयाचं चित्र, बाजूला अर्धी कापलेली संत्री, द्राक्षांचा घोस, आणि खाली ‘बायोफ्लेवोनॉइड’, ‘क्वेर्सेटिन’ किंवा ‘ग्रेप सीड’ यांपैकी काही तरी. साठ कॅप्सूल, रोज दोन, म्हणजे महिन्याची सोय. हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नाही, या सगळ्या जातीच्या बाटल्यांचं आहे. शिवाय तेच घटक खानदेशच्या बाजारात भाजीच्या टोपलीत आणि चहाच्या पुड्यात किती मिळतात, आणि आपण ते स्वयंपाकघरात कसे वाया घालवतो, याचंही.

फ्लेवोनॉइड म्हणजे वनस्पतींमधली संयुगं. हजारो आहेत. कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहा-कोकोतले फ्लेव्हॅनॉल, जांभळाला रंग देणारे अँथोसायनिन, मोसंबीतलं हेस्पेरिडिन ही त्यातली ओळखीची घराणी. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवायचा, ही या धंद्यातली पहिली लबाडी. कोकोवर झालेल्या चाचणीचा दाखला देऊन संत्र्याच्या सालीचा अर्क विकला जातो.

आधी लेबल वाचू. पुढची बाजू सोडा, मागची पाहा. ‘सिट्रस बायोफ्लेवोनॉइड कॉम्प्लेक्स 100 मिलिग्रॅम’ असं असेल तर त्यात हेस्पेरिडिन किती टक्के ते शोधा. 40 टक्के लिहिलं असेल तर हाती 40 मिलिग्रॅमच. टक्केवारी नसेल तर तो आकडा सालीच्या भुकटीचा समजायचा. ‘क्वेर्सेटिन डायहायड्रेट 500 मिलिग्रॅम’ यात साधारण दहा टक्के वजन पाण्याचं असतं, प्रत्यक्ष क्वेर्सेटिन 447 च्या आसपास. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून पाच-सहा नावांची एकच बेरीज दिली असेल तर बाटली परत ठेवा. त्यातला स्वस्तातला घटक सर्वांत जास्त असणार हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि ‘ओआरएसी’ नावाचा भलामोठा अँटिऑक्सिडंट आकडा छापलेला असेल तर माल जुन्या समजुतीवर चालला आहे. परीक्षानळीतला तो आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादीच 2012 साली मागे घेतली.

रोजच्या शिफारशीच्या रकान्यात फ्लेवोनॉइडपुढे फुली किंवा चांदणी दिसते. ती फसवणूक नव्हे. या घटकांना जीवनसत्त्वांसारखी ठरलेली रोजची गरज नाहीच. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ मात्र असायलाच हवी. दुकानदार तोंडी ‘ब्लॉकेज मोकळे होतात’ म्हणाला, किंवा सोबतच्या पत्रकात तसं छापलं असलं, तर तिथेच थांबा. हृदयविकार बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच मनाई आहे.

आता मुद्दा परिणामाचा. फ्लेवोनॉइड आणि हृदय यांची जोडी गाजली ती 1993 साली नेदरलँड्समधल्या झुत्फेन गावच्या अभ्यासामुळे. 65 ते 84 वयाचे 805 पुरुष, पाच वर्षांचा पाठपुरावा. रोज सुमारे 30 मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्या वरच्या गटात हृदयविकाराने झालेले मृत्यू खालच्या गटाच्या निम्म्याहूनही कमी निघाले. त्या लोकांचं सरासरी सेवन दिवसाला 26 मिलिग्रॅम होतं. त्यातलं 61 टक्के चहातून, 13 टक्के कांद्यातून, 10 टक्के सफरचंदातून. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जिवावर बाटल्या विकल्या जातात त्यात एकही कॅप्सूल नव्हती.

हे आकडे निरीक्षणाचे आहेत. चहा-फळं खाणारा माणूस विडी कमी ओढत असेल, चालत जास्त असेल. ते सगळं गणितातून पूर्ण वजा होत नाही. डेन्मार्कमधल्या 56 हजारांवर लोकांच्या, सुमारे 23 वर्षं चाललेल्या अभ्यासात (2019) एक उपयोगी गोष्ट दिसली: दिवसाला एकूण 500 मिलिग्रॅमच्या आसपास गेल्यावर जास्तीचा फायदा जवळजवळ थांबतो. तेव्हा ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे बाटलीवरचं तर्कशास्त्र इथेच गळून पडतं.

कॅप्सूलची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली, नाव कॉसमॉस. 21,442 माणसं, रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लेव्हॅनॉल, साडेतीन वर्षांच्या वर. 2022 साली निकाल आला. हृदयाच्या एकूण घटना 10 टक्क्यांनी कमी, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेतच राहिला. हृदयरोगाने झालेले मृत्यू मात्र 27 टक्क्यांनी कमी. आशा वाटावी असा निकाल, पण मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘सिद्ध नाही’ असंच आलं. तेही प्रमाणित कोको अर्काचं. क्वेर्सेटिनच्या गोळ्यांनी वरचा रक्तदाब सरासरी 3 अंकांनी उतरल्याचं छोट्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात दिसतं, तेही 500 मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मात्रेला. झटके मोजणारी मोठी चाचणी क्वेर्सेटिनवर झालेली नाही.

अन्नातला घटक काढून गोळीत भरला की गुणही सोबत येतो, असं गृहीत धरणाऱ्यांनी फिनलंडची 1994 ची चाचणी आठवावी. गाजर-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटिनच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला. फ्लेवोनॉइडचं तसंच होईल असं नाही, पण अन्नाच्या पुराव्यावर गोळी विकता येत नाही एवढं त्यातून कळतं.

बाटलीला आमचे दहापैकी दोन गुण. तेही लेबल स्वच्छ असेल तर. घ्यायचीच असेल तर जेवणासोबत घ्या. क्वेर्सेटिन पाण्यात नीट विरघळत नाही, जेवणातल्या तेला-तुपाबरोबर जास्त शोषलं जातं. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर घेण्याचा सल्ला काउंटरवर सर्रास मिळतो, तो चुकीचा. ‘ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट’ असलेल्या कॅप्सूलबाबत मात्र नुसती सूचना पुरत नाही: त्यातलं ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातला मुख्य फ्लेव्हॅनॉल, गोळीच्या रूपात दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या वर गेलं की यकृताची एन्झाइम वाढल्याची नोंद आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 सालीच तसा इशारा दिला. दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून मिळून ती मर्यादा सहज ओलांडते.

आता कांदा. साक्री-पिंपळनेरकडून येणारा लाल कांदा हा या सगळ्या परीक्षणातला सर्वांत भरवशाचा माल. 100 ग्रॅम लाल कांद्यात, म्हणजे एका मध्यम कांद्यात, साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन. झुत्फेनच्या म्हाताऱ्यांची दिवसभराची सगळी कमाई एका कांद्यात. शोषणही चांगलं: कांद्यातलं क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेलं असतं आणि लहान आतड्यात ते लवकर उचललं जातं. 1995 च्या डच प्रयोगात कांद्यातलं 52 टक्के शोषलं गेलं, मोकळं क्वेर्सेटिन दिलं तेव्हा 24 टक्के. 

पण तो सोलायचा कसा? इथे निम्मा माल कचऱ्यात जातो. क्वेर्सेटिन बाहेरच्या थरांत दाटलेलं असतं, आत जावं तसं कमी होत जातं. सुरीने डोकं आणि बूड उडवून, कोरड्या पापुद्र्याबरोबर पहिला गुलाबी मांसल थरही सोलून टाकायची सवय बहुतेक घरांत आणि झाडून सगळ्या ढाब्यांवर आहे, कारण तसं सोलणं पटकन होतं. त्याऐवजी कांदा उभा अर्धा कापा, मग कागदासारखा पापुद्रा टोकाकडून ओढा. तो एकटाच निघतो. वरचा थर सुकून चामड्यासारखा झाला असेल तरच काढा. काळी बुरशी आली असेल तर मात्र तो थर आणि खालचा एक असे दोन्ही जाऊ द्या, तिथे कंजुषी नको.

चिरलेला कांदा तिखटपणा जावा म्हणून मीठ लावून पिळणं, किंवा पाण्यात भिजत ठेवून ते पाणी ओतणं, हे दुसरं गळतं भांडं. तिखट लागत असेल तर वर लिंबू पिळा आणि दहा मिनिटं थांबा. उकळल्यावर क्वेर्सेटिनचा चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक पाण्यात उतरतो. रस्सा प्यायला तर तोटा नाही. तेलात परतल्याने फार जात नाही, करपवल्यावर जातं. काळ्या मसाल्यासाठी कांदा विस्तवावर थेट काळा करून वरचं कोळशासारखं कवच काढून टाकतात, तेव्हा नेमका मोलाचा थर राखेत जातो. शेवभाजीच्या वाटणाला त्यामुळे चव येते हे खरं, त्या चवीशी भांडण नाही. पण त्या भाजीला ‘हृदयाला चांगली’ म्हणायला एक कांदा पुरत नाही, वर तरंगणारी तर्री आणि शेवेतलं मीठ दोन्ही हिशेबात धरावं लागतं. सोबत कच्चा कांदा मागून घ्या.

पांढरा कांदा या कामाला जवळपास शून्य. जळगावकडे कांदा वाळवण्याचे कारखाने आहेत, ते मुख्यतः पांढराच कांदा घेतात, त्यामुळे वाळवलेल्या कांद्याची पूड किंवा चकत्या चवीला ठीक, क्वेर्सेटिनला नाहीत. साठवणीची काळजी नको. चाळीत काही महिने राहिलेल्या उन्हाळ कांद्यात क्वेर्सेटिन फारसं घटत नाही. लाल कांद्याला नऊ गुण. एक कापला तो सोलण्याबद्दल.

चहाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि खानदेशात ती दुधापाशी अडते. काळ्या चहातले फ्लेवोनॉइड झुत्फेनमध्ये कामी आले, वेल्समधल्या केरफिलीत आले नाहीत. तिथल्या पुरुषांच्या 1997 च्या अभ्यासात फायदा दिसला नाही. केरफिलीत चहा दुधाचा होता. 2007 साली जर्मनीत 16 स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात काळ्या चहाने रक्तवाहिनी सैलावली, आणि 10 टक्के दूध घातल्यावर तो परिणाम पुसला गेला. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या कॅटेचिनला, म्हणजे तिथल्या फ्लेव्हॅनॉलला, धरून बसतं. उलट निकालाचे प्रयोगही आहेत, आणि केरफिलीत चहा जास्त पिणारे लोक सिगारेटही जास्त ओढणारे होते, म्हणून सगळा दोष दुधाच्या माथी मारता येत नाही. पण आपल्या टपरीवरच्या चहात दूध 10 टक्के नसतं, निम्मं असतं. त्यातून हृदयाला काही मिळतं असा पुरावा दाखवता येणार नाही.

कोरा चहा असा करा: 200 मिली पाणी, 2 ग्रॅम पत्ती, म्हणजे सपाट छोटा चमचा. पाणी उकळलं की गॅस बंद, पत्ती टाका, झाकण, चार मिनिटं, गाळा. एवढ्यात थिअरुबिजिन, म्हणजे काळ्या चहाला तांबूस रंग देणारी संयुगं, धरून साधारण 200 मिलिग्रॅमपर्यंत फ्लेवोनॉइड येतात, ते वगळले तर निम्म्याहून बरेच कमी. दोन लेबलांवर दोन आकडे दिसतात त्याचं कारण हेच. पत्तीसकट दहा मिनिटं खळाखळा उकळण्याने कडूपणा वाढतो आणि मग साखरेचा दुसरा चमचा पडतो, सगळा हिशेब तिथे फिस्कटतो. उतरवल्यावर पाव लिंबू पिळा, आंबटपणात कॅटेचिन जास्त टिकतात. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो, कपाला तपकिरी कडा बसते, पत्तीही कमी उतरते. फिल्टरचं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा. जेवणाबरोबर नको. चहा अन्नातलं लोह अडवतो, आणि घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर असेल तर तिला हृदयाच्या नावाने जेवणावर कोरा चहा पाजणं हा उलटा उपाय. जेवणानंतर तासाभराने. कोऱ्या चहाला आठ, दुधाच्या चहाला या खात्यात गुण नाहीत. तो प्या, पण औषध म्हणून नको.

कोको पावडर बेकरीच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळते आणि इथे ग्राहक हमखास फसतो, कारण काळीभोर ती भारी असं समजतो. काळी पावडर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, आणि त्या प्रक्रियेत फ्लेव्हॅनॉल मरतात. नैसर्गिक कोकोत सरासरी ग्रॅमला 35 मिलिग्रॅमच्या आसपास, जड प्रक्रिया केलेल्यात 4. पाच ग्रॅमच्या चमच्यात 170 विरुद्ध 20. पाकिटावर ‘अल्कलाइज्ड’ किंवा घटकांत 500 अथवा 501 क्रमांकाचं आम्लता नियंत्रक असेल तर ती हृदयासाठी घेऊ नका, केकला घ्या. सुटी असेल तर रंग पाहा: नैसर्गिक पावडर फिकट, विटकरीकडे झुकणारी, जिभेवर आंबट-कडू. कॉसमॉसच्या मात्रेला ती जवळपास 15 ग्रॅम लागेल, म्हणजे तीन चमचे. बिनसाखरेची प्यायची तयारी असेल तरच या वाटेला जा. ‘कंपाउंड’ चॉकलेटची लादी यात कुठेच बसत नाही.

आणि कोको घेऊन जळगावचा माणूस पहिल्यांदा काय करतो? केळी-कोको शेक. रावेर-यावलचं केळं, दूध, कोको, मिक्सर. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केळं घातलेल्या स्मूदीनंतर रक्तात उतरलेले फ्लेव्हॅनॉल नुसत्या कॅप्सूलच्या तुलनेत 84 टक्क्यांनी कमी निघाले. चिरलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच पॉलिफेनॉल ऑक्सिडेज फ्लेव्हॅनॉल खाऊन टाकतं. मिक्सर न लावता दोन्ही एकत्र घेतलं तरी पोटात ते काम काही अंशी चालूच राहतं. केळ्यात यामुळे खोट निघत नाही. 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम पोटॅशियम देणारं फळ रक्तदाबाला चांगलंच, किडनीचा आजार नसेल तर. फक्त सकाळी कोको, दुपारी केळं असं वेगळं खा.

लाल अंबाडीची सुकी बोंडं मिळाली तर सोडू नका. पालेभाजीचा पाला वेगळा, फुलाखालच्या लाल मांसल पाकळ्या वेगळ्या. आपल्याला दुसऱ्या हव्यात. अमेरिकेतल्या 2010 च्या चाचणीत 65 माणसांत, या बोंडांचा चहा रोज तीन कप, सहा आठवडे प्यायल्यावर वरचा रक्तदाब 7 अंकांनी उतरला, तुलनेसाठी दिलेल्या बिनबोंडांच्या दिखाऊ पेयाने 1 अंकाने. कपाला सव्वा ग्रॅम बोंडं, 240 मिली उकळतं पाणी, सहा मिनिटं. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात आंबट अर्क धातू ओढतो आणि रंगही बिघडतो. जड पाण्यात लाल रंग जांभळट झाला तर पाणी बदला. सरबताच्या तयार बाटलीत बोंडांपेक्षा साखर जास्त, ती या हिशेबात धरू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पहिले पंधरा दिवस घरी दाब मोजत राहा. चक्कर आली तर डॉक्टरांना अंबाडीचं नाव सांगा, गोळी स्वतः कमी करू नका.

जांभळाचा हंगाम जून-जुलैचा, तेवढ्यात सालासकट खा. हंगामानंतर पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवलेला रस तपकिरी पडला असेल तर अँथोसायनिन गेले. मोसंबी रसापेक्षा फोडी खा, हेस्पेरिडिन पांढऱ्या गरात आणि पडद्यात असतं, रसवाला तेच गाळून टाकतो. पपनस मात्र सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. त्यातली फ्युरॅनोकुमरिन औषधाची रक्तातली पातळी वाढवतात, स्नायू दुखायला लागतात आणि दोष कोलेस्टेरॉलच्या गोळीला जातो. शेवग्याच्या पानांची पावडर क्वेर्सेटिनने भरलेली असते, पण तिच्यात ‘के’ जीवनसत्त्वही भरपूर. हृदयाची झडप बदललेली असून वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती अचानक सुरू करणं आणि अचानक बंद करणं, दोन्हींनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, हलतो.

राहिलं भरीत, कारण प्रश्न येणारच. वांग्याच्या फ्लेवोनॉइडबद्दल जे छापून येतं ते जांभळ्या सालीतल्या नासुनिन या अँथोसायनिनबद्दल असतं. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, त्याच्या सालीत तो रंगच नाही, आणि असता तरी पऱ्हाटीवर भाजून आपण साल काढूनच टाकतो. गरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, चांगलं असतं, पण ते फ्लेवोनॉइड नव्हे. भरतातले फ्लेवोनॉइड येतात ते कांद्याच्या हिरव्या पातीतून. म्हणून पाच माणसांच्या भरताला एक जुडी घ्या, पात आधी धुऊन मग चिरा, निम्मी फोडणीत आणि निम्मी भरीत उतरवल्यावर कच्चीच वरून घाला. तेल मात्र ताटात कडेला वाहून येईल इतकं नको.